निष्ठेला अपडेट येत नाहीत

जून २०१२ मध्ये ॲपलच्या संकेतस्थळावरचे एक वाक्य कोणताही गाजावाजा न होता बदलले. ‘मॅकला पीसीचे व्हायरस लागत नाहीत’ अशा अर्थाचा मजकूर जिथे वर्षानुवर्षे दिमाखात झळकत होता, तिथे ‘सुरक्षित राहावा अशाच बेताने बनवलेला’ अशा अर्थाचे, पुढेमागे अंगाशी येणार नाहीत असे शब्द आले. त्याच्या दोनच महिने आधी ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले सुमारे सहा लाख मॅक बाधित केल्याचे एका रशियन अँटिव्हायरस कंपनीने उघड केले होते. हा प्रोग्रॅम जावा या सॉफ्टवेअरमधल्या ज्या त्रुटीतून आत शिरत होता, ती जावाच्या मालक ओरॅकल कंपनीने फेब्रुवारीतच बुजवली होती. परंतु मॅकसाठीचा जावा त्या काळी ॲपल स्वतः वितरित करत असे, आणि ॲपलची दुरुस्ती एप्रिल उजाडल्यावर आली. मधले सहा-सात आठवडे मॅक वापरणारे लाखो लोक आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत होते, कारण कंपनीने त्यांना तसे सांगितले होते आणि त्यांनी ते एकमेकांना अधिकच उत्साहाने सांगितले होते.

हा प्रसंग ॲपलला हिणवण्यासाठी सांगितलेला नाही. असे प्रसंग तिन्ही गोटांत मुबलक आहेत. मला कुतूहल आहे ते त्या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या तीन प्रणालींच्या सुरक्षेविषयी गेली पंचवीस-तीस वर्षे जो वाद चालला आहे, त्यात यंत्राची पारख करणाऱ्याचा सूर क्वचितच ऐकू येतो. ऐकू येतो तो शेजारच्या मंडळाची मिरवणूक पावसात सापडावी अशी मनोमन इच्छा बाळगणाऱ्या कार्यकर्त्याचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय इथे इतक्या काटेकोरपणे पाळला जातो की दुसऱ्याच्या प्रणालीत भगदाड सापडले तर तो तिच्या रक्तातला दोष ठरतो, आणि आपल्या प्रणालीत सापडले तर ती कोणा एका प्रोग्रॅमरची किरकोळ चूक, तीही ताबडतोब दुरुस्त झालेली. ही निव्वळ हौशी मंडळींची करमणूक असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे आहे की ही निष्ठा सुरक्षेच्या प्रश्नाचाच एक भाग आहे, कारण ती वापरणाऱ्याला बेसावध ठेवते आणि निर्मात्याला जाब विचारू देत नाही. कधीकधी तर सुरक्षेसाठी केलेल्या सुधारणेलाच ती आडवी येते.

विंडोजच्या विरोधकांची बाजू मुळात खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. डॉस या जुन्या प्रणालीच्या पायावर उभ्या असलेल्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संगणकासमोर बसलेला माणूस आणि संगणकाचा कारभारी यांत काही भेदच नव्हता. जो प्रोग्रॅम सुरू होईल त्याला सगळे रान मोकळे. विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून प्रत्येकाला वेगळे आणि मर्यादित अधिकार देण्याची सोय होती, परंतु एनटीचाच वारसा घेऊन २००१ साली घरोघर पोहोचलेल्या एक्सपीने पहिले खाते उघडून दिले ते सर्वाधिकारी कारभाऱ्याचे, आणि पत्रे वाचण्यापासून गाणी ऐकण्यापर्यंत सगळे व्यवहार लोकांनी त्याच खात्यातून केले. त्याच वर्षी कोड रेड, २००३ च्या जानेवारीत स्लॅमर आणि ऑगस्टमध्ये ब्लास्टर अशा एकामागोमाग एक साथी मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवरून जगभर फिरल्या. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावलेल्या कोणालाही ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ आठवत असेल. फोल्डरचे चित्र पांघरून बसलेला तो प्रोग्रॅम कुतूहलाने उघडला की दुखणे घरच्या संगणकात आलेच. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या आवृत्त्यांतून काढून घेतली ती २०११ साली. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी संगणकदुरुस्तीच्या व्यवसायातून उभारलेली क्विक हील ही कंपनी याच दुखण्यावरचे औषध विकून मोठी झाली.

पण इतिहास तिथे थांबला नाही, आणि निष्ठावंतांची अडचण इथूनच सुरू होते. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून बजावले की नवी सोय आणि सुरक्षा यांपैकी एकच निवडण्याची वेळ आली तर सुरक्षा निवडायची. ऑगस्ट २००४ मधल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने बाहेरची घुसखोरी अडवणारी फायरवॉल आपणहून चालू ठेवली. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये तर मोठा बदल होता: कारभाऱ्याच्या खात्यातूनही महत्त्वाचा फेरफार करायचा झाला तर पडदा अंधारून येई आणि विंडोज परवानगी मागे. मॅक आणि लिनक्स ज्या कुळातले, त्या युनिक्सच्या जगात जी शिस्त जुनी होती, ती उशिरा का होईना विंडोजमध्ये आली होती. प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे स्वागत केले का? ॲपलने एक जाहिरात काढली. तिच्यात ‘पीसी’, म्हणजे विंडोजचा संगणक, झालेल्या नटाच्या मागे काळ्या चष्म्यातला अंगरक्षक उभा आहे आणि तो प्रत्येक वाक्याला ‘रद्द करायचे की परवानगी द्यायची’ असे विचारून पीसीला भंडावून सोडतो. जाहिरात विनोदी होती यात वाद नाही. विंडोजवाल्यांनीही ती पाहून हसत हसत ही सोय बंद कशी करायची याच्या युक्त्या एकमेकांना शिकवल्या, आणि व्हिस्टा नाकारून जुन्या, कमी सुरक्षित एक्सपीला मिठी मारली. पुढे २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आले आणि डेस्कटॉपवरची फाइल उघडायची असो की पडद्याचे चित्रण करायचे असो, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी मॅकही पावलोपावली परवानगी मागू लागला. बारा वर्षांपूर्वी ज्यावर हसले होते तेच आता वापरकर्त्याच्या खासगीपणाची काळजी म्हणून वाखाणले गेले.

आता माझा पक्ष सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला हिशेब ठेवता येईल. माझ्या घरचा संगणक बरीच वर्षे लिनक्सवर चालतो, आणि पाहुण्याच्या लॅपटॉपवर विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा आला की माझ्या मनात जे उमटते त्याला सहानुभूती म्हणता येणार नाही. लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांसमोर उघडा आहे, तो हजारो डोळ्यांखालून जातो, म्हणून त्यात चूक फार काळ लपू शकत नाही, हा आमच्या गोटाचा आवडता सिद्धान्त. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघडकीस आली तेव्हा ती चूक दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सापडलेले ‘शेलशॉक’ लिखित आज्ञा पाळणाऱ्या बॅश या प्रोग्रॅममध्ये १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, सुखाने नांदत होते. कोड पाहता येतो आणि कोड पाहिला जातो यांतले अंतर आम्ही मोजलेच नव्हते.

या अंतराची खरी खोली कळली ती २९ मार्च २०२४ रोजी. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रॅमर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होता. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरला जाणारा एसएसएच हा मार्ग नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेतो आहे, हे त्याच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी हे नेटवर्कच्या माथी मारून सोडून दिले असते. त्याने धागा उसवत नेला आणि तो पोहोचला ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या, कोणाच्या गणतीतही नसलेल्या छोट्या प्रकल्पापाशी. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो मुख्य प्रवाहातल्या लिनक्स वितरणांच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांच्या, स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोहोचला असता, तर चावी ज्याच्या हाती त्याला जगभरच्या असंख्य सर्व्हरांत हवे तेव्हा शिरता आले असते. दरवाजा बसवण्याची पद्धत अधिक अस्वस्थ करणारी आहे. ‘जिया टॅन’ असे नाव धारण केलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे उपयोगी काम करून विश्वास कमावला होता. लासे कॉलिन हा प्रकल्प विनामोबदला, जवळपास एकट्याने सांभाळत होता आणि थकून गेला होता. अनोळखी नावांनी त्याच्यावर ‘काम फार संथ चालले आहे, दुसऱ्याकडे सोपवा’ असा दबाव आणला, आणि त्या दबावाखाली त्याने जिया टॅनला कारभारात घेतले. हजारो डोळे त्या वेळी दुसरीकडे पाहत होते. ज्या एका डोळ्याला ते दिसले तो कोणाच्या पगारावर होता? मायक्रोसॉफ्टच्या. लिनक्सच्या मोकळेपणामुळेच त्याला शेवटपर्यंत तपास करता आला, हे आमच्या बाजूने खरे आहे आणि मी ते ठासून सांगतो. बंद कोडमध्ये अशी उकल बाहेरच्या माणसाला फार कठीण गेली असती. पण ‘आमच्याकडे असे होऊच शकत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मी त्या दिवशी गमावला.

अशा वेळी दोन्ही बाजू आकड्यांचा आधार घेतात, आणि आकडे निष्ठेइतकेच फसवे निघतात. कोणत्या प्रणालीत एका वर्षात किती त्रुटी नोंदल्या गेल्या याचे तक्ते फिरवले जातात. परंतु फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, मंडळींनी त्रुटींना क्रमांक देण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि सुरक्षेशी दूरान्वयाने संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यामुळे लिनक्सच्या नावावरच्या त्रुटी भराभर वाढल्या. लिनक्स रातोरात ढिसाळ झाले असा याचा अर्थ कोणी काढला तर तो काटा पाहून वजन न पाहण्याचा प्रकार झाला. दुसरा लाडका युक्तिवाद लोकप्रियतेचा. विंडोजवाले म्हणतात, आमचे गिऱ्हाईक जास्त म्हणून चोरही आमच्याकडेच. मग नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक एकजात लिनक्सवर चालतात आणि इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हरही त्याच्यावरच, त्याचे काय? चोर तिथेही जातात. फक्त ते घरच्या संगणकावर निळा पडदा आणत नाहीत म्हणून दिसत नाहीत. इंटरनेटवरची पहिली मोठी साथ, २ नोव्हेंबर १९८८ चा मॉरिस वर्म, युनिक्सच्याच यंत्रांवर पसरली होती. आणि घरगुती संगणकांमध्ये पसरलेला सुरुवातीचा व्हायरस, १९८२ चा एल्क क्लोनर, ॲपल टूच्या फ्लॉपींतून फिरला होता.

तर मग सगळे सारखेच वाईट, असे म्हणायचे का? हा आळशी निष्कर्ष मला निष्ठेइतकाच अमान्य आहे. रचना फरक पाडते. कर्नलमध्ये बाहेरच्या सॉफ्टवेअरला किती शिरू द्यायचे, हा रचनेचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या, कर्नलमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मॅकने त्याआधीच अशा सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली होती. इथे मॅकची रचना सरस होती, असे म्हणायला लिनक्सवाल्याची जीभ अडखळू नये. मात्र त्याच मॅकच्या हाय सिएरा आवृत्तीत नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘रूट’ हे नाव टाकून, पासवर्डची जागा रिकामी ठेवून, सर्वाधिकारी बनता येत होते. ॲपलने ती चूक जाहीर झाल्यापासून एका दिवसात दुरुस्त केली, आणि माझ्या मते कौतुकाची गोष्ट ती आहे. चूक कोणाकडून होते यापेक्षा ती किती दिवसांत दुरुस्त होते, आणि दुरुस्ती किती यंत्रांपर्यंत पोहोचते, यावर वापरणाऱ्याची सुरक्षा अवलंबून असते.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने ब्रिटनमधली कित्येक सरकारी रुग्णालये ठप्प केली, तेव्हा ज्या त्रुटीतून ते पसरले तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलेली होती. बाधित यंत्रे बहुतांश विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांना ती दुरुस्ती फुकट मिळू शकत होती अशी. त्यानंतर दीड महिन्याने आलेल्या ‘नॉटपेट्या’ने आपल्या दाराशी धडक दिली. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनल बंद पडले आणि कंटेनरच्या गाड्या रस्त्यावर तुंबल्या. हा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला होता आणि एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत होता, त्यामुळे ‘अपडेट लावा आणि निर्धास्त झोपा’ हेही पूर्ण सत्य नाही. मर्स्कला नंतर सुमारे ४५,००० संगणकांवर सगळे नव्याने बसवावे लागले. त्या यंत्रांसमोर बसणाऱ्यांपैकी किती जणांचे विंडोजवर प्रेम होते, हा प्रश्न तिथे गैरलागू होता.

आपल्याकडे तर ज्याला निष्ठा म्हणतात ती पुष्कळदा नाइलाज असते. मराठी डीटीपीच्या धंद्यात पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्री-लिपी हे त्रिकूट युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली तरी टिकून आहे, कारण दहा-पंधरा वर्षांच्या पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या आणि लग्नपत्रिकांच्या फाइली जुन्या फाँटमध्ये अडकलेल्या आहेत आणि त्या उघडणारे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच सुखाने चालते. अशा ऑपरेटरला ‘लिनक्स का घेत नाहीस’ असे विचारणे हा माझ्या गोटाचा आवडता उद्धटपणा आहे. विंडोजची जी प्रत त्याच्याकडे असते ती अनेकदा दुकानदाराने ‘टाकून दिलेली’, म्हणजे विनापरवाना बसवलेली, असते आणि पकडले जाऊ या भीतीने तिची अपडेट बंद ठेवलेली असतात. त्याला उपदेशापेक्षा जुन्या फाइली युनिकोडमध्ये नेणारे विश्वासार्ह साधन हवे आहे. ते काम पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकसारख्या संस्थेचे आहे.

सी-डॅकचे नाव निघालेच आहे तर स्वदेशी निष्ठेचेही बोलू. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून २००७ साली आलेले ‘बॉस’ लिनक्स सरकारी कचेऱ्यांसाठी बनले, आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटू या लिनक्सवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली स्वीकारली. परक्या कंपनीच्या मर्जीवर राज्यकारभार चालू नये हा विचार मला पटतो. पण प्रणाली आपली म्हणून ती सुरक्षित, हे त्यातून निघत नाही. पाकिस्तानशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘ट्रान्सपरंट ट्राइब’ या टोळीने बॉसची नोंद घेतली आणि पीडीएफचा वेष घेतलेले लिनक्सचे शॉर्टकट सरकारी कर्मचाऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी या हल्ल्यांचे तपशील जाहीर केले. तंत्र आपल्या ओळखीचेच आहे: दुसरेच चित्र पांघरून बसलेली फाइल, न्यू फोल्डरची धाकटी बहीण. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या आणि फोनमधले बँकेचे संदेश पळवणाऱ्या, ॲप बसवणाऱ्या एपीके फाइलीही याच कुळातल्या.

म्हणून सार्वजनिक पैशातून संगणक घेताना विचारायचे प्रश्न प्रणालीच्या नावावरून ठरू नयेत. मागच्या पाच वर्षांत गंभीर त्रुटी कळल्यापासून दुरुस्ती येईपर्यंत किती दिवस लागले? ती आमच्या तालुक्याच्या कचेरीतल्या यंत्रापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कोणाची? दुरुस्त्या कोणत्या तारखेला थांबणार? सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले, ते योग्यच आहे. पण ती झाली घटना घडल्यानंतरची गोष्ट. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यानुसार ११ डिसेंबर २०२७ पासून सॉफ्टवेअर असलेल्या उत्पादनावर सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या महिन्यापर्यंत मिळतील हे विकतानाच सांगावे लागेल. असा कायदा करणाऱ्यांनी विंडोज की मॅक की लिनक्स या वादात उडी घेतली नाही, आणि तरीही तिन्ही गोटांच्या भल्याचे काम केले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. टीपीएम या सुरक्षा-चिपची अट पूर्ण न करणाऱ्या, एरवी धडधाकट संगणकांना विंडोज ११ कडे जाण्याची अधिकृत वाट नव्हती. एक वर्षाच्या वाढीव दुरुस्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना अटी घातल्या: पैसे भरा, नाहीतर आपली सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडमध्ये ठेवा, नाहीतर कंपनीचे बक्षीसगुण खर्ची घाला. युरोपात ग्राहक संघटना भांडल्या आणि तिथल्या ग्राहकांसाठी कंपनीने अटी सैल करून ते वर्ष फुकट दिले. त्याच महिन्यात आमच्याकडच्या चर्चेत लिनक्सवाले ‘आता तरी शहाणे व्हा’ म्हणत होते, मॅकवाले ‘आमचे जुने मशीन अजून चालते’ म्हणत होते, आणि विंडोजवाले या दोघांना उत्तर देण्यात गुंतले होते. कंपनीकडे तीच सवलत इथे मागायला कोणी मोकळा नव्हता.

गेल्या काही महिन्यांत एका नातेवाइकाच्या मुलीसाठी लॅपटॉप पाहायला तीन दुकानांत गेलो. तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला: याला सुरक्षेची अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील? पहिल्याने रॅम सांगितली. दुसऱ्याने अँटिव्हायरस एक वर्ष फुकट असल्याचे सांगितले. तिसरा मुलगा प्रामाणिक होता. त्याने खोके उलटसुलट करून पाहिले, चार्जरवरचा कागदही वाचला, आणि म्हणाला, “काका, वॉरंटी आहे एक वर्ष. तुम्ही विचारताय ते कुठे छापलेलं नाही.”